फौजदार आणि गंगाफळ

माझ्या तोंडातून आजवर काय बाहेर पडलं नाही ते विचारा. तापीच्या पुरात मी सुसरीच्या पाठीवर बसून पलीकडे गेलो, हे सांगून झालंय. चोपड्याच्या मे महिन्यात सायकलच्या सीटवर आम्लेट भाजलं, तेही सांगून झालंय – ऐकणाऱ्यांपैकी दोघांना तर ते आम्लेट खाल्ल्याचंसुद्धा आठवतं. लग्नात, मयतात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही बसवा मला, गोष्ट तयार. पण एक गोष्ट या तोंडाने कधी सांगितली नाही. बायकोला नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना नाही. गुडघे टेकून डोळे मिटले, की ती गोष्ट पापण्यांच्या आत येऊन उभी राहायची, आणि मी घाईघाईने आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला लागायचो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही बुवा. तुम्ही मध्येच बोलणार नाही, एवढं एक बरं आहे.

घाबरू नका, खून वगैरे नाही. कोंबड्याची गोष्ट आहे.

हसलात ना? हसा. मीही पहिली काही वर्षं हसलोच होतो.

मी दानियल. पण चोपड्यात दानियल म्हणून विचाराल तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. दानूभाऊ स्पीकरवाले म्हणा, शेंबडं पोरही दाराशी आणून सोडेल. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला सगळ्या तालुक्यात चालू अवस्थेतले भोंगे होते ते माझ्याकडेच. लग्न असो, निवडणूक असो, तंबूतला सिनेमा असो – आवाज माझा. लोक म्हणायचे, दानूभाऊ, तुम्हाला माईक कशाला लागतो? मी म्हणायचो, माझ्यासाठी नाही हो, माईकला सोबत म्हणून धरतो.

आमची मंडळी इवलीशी. मंडळी म्हणजे चर्चची माणसं – आमच्यात तसंच म्हणतात. सगळी घरं बोलावली तर एका ट्रकमध्ये मावतील, आणि वर केळीचे घड भरायला जागा उरेल. पण देण्याची हौस अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं इथे कुबेर राहतो. प्रत्येक घरात चुलीजवळ एक मडकं. बाई भाकरीचं पीठ घ्यायला बसली, की आधी एक मूठ धान्य त्या मडक्यात. मूठ टाकल्याशिवाय परातीला हात लावायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मडकी चर्चमध्ये यायची, एकत्र ओतली जायची, आणि ते धान्य सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायचं – ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्याकडे. तो कोणत्या देवाचा, हे विचारायचं नाही, असा पाळकसाहेबांचा दंडक. पोतं पोचवायचं काम माझ्याकडे. कारण एक तर मी धट्टाकट्टा, आणि दुसरं म्हणजे एसटीचे सगळे कंडक्टर माझ्या गोष्टींचे गिऱ्हाईक. पोत्याचं तिकीट कधी कुणी मागितलं नाही.

त्या पाड्यांपैकी एकावर राहेलअक्का राहायच्या.

अक्का म्हणजे वाळल्या शेवग्याच्या शेंगेएवढी बाई. नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही, गुडघे असे की उठताना त्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू यावा. दर महिन्याला आमचं धान्य घ्यायच्या. पोतं उघडलं की त्या ओंजळ भरून कपाळाला लावायच्या, मग माझ्याकडे बघायच्या – त्या बघण्यात आभार असायचे, पण आणखीही काही असायचं. काहीतरी टोचल्यासारखं. मला तेव्हा ते कळत नव्हतं. की कळत होतं?

अक्कांकडे कोंबड्या होत्या. आणि दर वर्षी त्यातला एक कोंबडा असा वाढायचा, की काय सांगू! तुरा पळसाच्या फुलासारखा, छाती मंत्र्यासारखी, आणि चाल – अंगणातून निघाला की कुत्री उठून उभी राहायची. अक्का त्याचं नाव ठेवायच्या फौजदार. दर वर्षीचा कोंबडा वेगळा, नाव तेच. जुन्या फौजदाराची बदली झाली की नवा रुजू.

बदली कुठे? तर आमच्या सुगीच्या सणाला.

हा सण आमच्यात कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. पीक घरात आलं, की एका रविवारी ज्याच्याकडे जे असेल ते त्याने देवापुढे आणायचं. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, केळीचे घड, भरताची वांगी, अंडी, लोणचं, विणलेली टोपली. उपासना झाली की मांडवात या सगळ्याचा लिलाव. देणाऱ्याचं नाव पुकारायचं, वस्तू उंच धरायची, बोली लावायची. त्यातली गंमत अशी, की घेणारा पुष्कळदा वस्तू घरी नेतच नाही – परत टेबलावर ठेवतो, 'पुन्हा पुकारा!' म्हणतो. एकच अंडं मी इतक्यांदा विकलंय, की शेवटी त्यातून पिल्लू निघून त्याने स्वतःवरच बोली लावली. या लिलावातून हिवाळ्यासाठी घोंगड्या यायच्या, आणि त्या पुन्हा पाड्यांवर जायच्या. लिलाव पुकारणारा कोण, हे काय सांगायला हवं?

तर अक्का वर्षभर घ्यायच्या, आणि एक दिवस द्यायच्या. मी एकदा म्हटलं, अक्का, एवढा देखणा कोंबडा, विका की बाजारात, तुमच्याच कामी येईल. त्यांनी मला असं पाहिलं, जणू मी त्यांच्या अंगणात थुंकलो.

"वरीसभर लेवाले हात पुढे करस मी," म्हणाल्या. "एक दिन तं देवाले करू दे, भाऊ."

आणि हिवाळ्यात मी घोंगडी घेऊन गेलो, की ती अंगावर लपेटून शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "ह्या घोंगडीमा मना फौजदारना बी वाटा शे!" त्या दिवशी ती शेंग अशी ताठ उभी राहायची, की गुडघ्यांनाही आवाज करायची हिंमत होत नसे.

आता या इथे खरं तर मी थोडं पाणी पिऊन यावं. पण नको. उठलो तर परत बसायचो नाही.

त्या वर्षीचा फौजदार सगळ्यांत थोर होता. सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तो आणायला पाड्यावर गेलो. अक्कांनी त्याचे पाय चिंधीने बांधले, चोचीला तूप लावलं, आणि माझ्या काखेत देताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच म्हणाल्या, सांभाळून ने. मी म्हटलं, अक्का, फौजदार माझ्या ताब्यात नाही, मी फौजदाराच्या ताब्यात आहे!

तिथून फाट्यापर्यंत चालत, आणि फाट्यावरून चोपड्याची बस. फाट्यावर शनिवारचा बाजार. बसला अवकाश होता. काखेत असला कोंबडा, समोर बाजारची गर्दी, आणि तोंडात माझी ही जीभ. आता सांगा, माणसाने काय करावं? गप्प बसावं. बरोबर. पण तो माणूस दुसरा, मी नव्हे.

चहाच्या टपरीपाशी चार जणांनी कोंबड्याची तारीफ केली. संपलं! मी सुरू झालो. हा फौजदार साधा नाही म्हटलं. याने मागच्या महिन्यात बोकडाला उडवून विहिरीत टाकलं. याचा आरव ऐकून धुळ्याची रातराणी बस वेळेआधी सुटते. सातपुड्यातला बिबट्या याच्या पाड्याकडे येताना आधी चपला काढतो. गर्दी वाढली. चहा फुकट यायला लागला. तेवढ्यात मागून एक काटकुळा, मुंडासं बांधलेला माणूस पुढे आला. त्याच्या काखेत एक काळा, मरतुकडा, मान नागडी असलेला कोंबडा. तो अगदी गरिबासारखा म्हणाला –

"मामा, बोली तं तुम्ही राह्यनात. कोंबडा काय करस?"

लोक हसले. माझ्यावर! बोलतोय तर मीच, कोंबडा काय करतो ते दाखवा म्हणे! आणि मी – ज्याने आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याला लोक हसले की काय होतं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. अंगाची आग आग. मी म्हटलं, होऊन जाऊ द्या झुंज! हरेल त्याचा कोंबडा जिंकेल त्याला! हे मी म्हटलं. त्याने नाही. चिंधी मीच सोडली.

झुंजीचं वर्णन करायला मला फार आवडलं असतं. पण वर्णन करायला झुंज व्हायला लागते. काळा कोंबडा मान खाली घालून आला. फौजदाराने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जमिनीवर ज्वारीचे दाणे सांडले होते तिकडे पाहिलं, आणि शांतपणे ते टिपायला लागला. बिचाऱ्याला अक्कांनी वर्षभर ओंजळीतून खाऊ घातलेलं. भांडण म्हणजे काय, त्याच्या गावी नव्हतं. काळ्याने एक चोच मारली मात्र, फौजदार ओरडत उडाला तो थेट माझ्या डोक्यावर. तिथे बसून त्याने जे काही करायचं ते केलं. सगळा बाजार लोळला. वांगी विकणारी म्हातारी हसून हसून तिच्याच टोपलीत पडली.

पण मी जे लपवलं ते हे नाही. हे तर मी कुणालाही हसत सांगितलं असतं. पुढे ऐका.

तो मुंडासेवाला भला माणूस होता. त्याने फौजदाराला उचललं, पाठीवरची धूळ झटकली, आणि परत माझ्या हातात द्यायला लागला. म्हणाला, "ल्या मामा, लई जा. मस्करी व्हती."

परत देत होता. कळतंय ना तुम्हाला? हात पुढे करून परत देत होता. मला फक्त घ्यायचा होता. 'हा माझा नाही रे बाबा, एका विधवेचा आहे, देवाकडे चाललाय' – एवढं म्हटलं असतं तर त्याने फौजदाराबरोबर आणखी दोन कोंबड्या दिल्या असत्या. पण गर्दी बघत होती. आणि मी, डोक्यावर कोंबड्याची घाण घेऊन, छाती काढून म्हणालो, "दानूभाऊचा शब्द! दिला म्हणजे दिला!"

लोकांनी वाहवा केली. काय दिलदार माणूस! दुसऱ्याचं दान देऊन मी दानशूर झालो.

बस आली तेव्हा काख मोकळी. रिकाम्या हाताने कसं जायचं? बाजार उठत होता. एका भाजीवाल्याच्या चवाळ्यावर एक गंगाफळ उरलं होतं – लाल भोपळ्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात – एका अंगाने मऊ पडलेलं, कुणी न नेलेलं. ते घेतलं. चोपड्याला पोचलो, पाळकसाहेबांच्या ओसरीवर ठेवलं, आणि पाळकीणबाईंना सांगितलं, राहेलअक्कांनी यंदा हे दिलंय. त्यांनी ते फळ फिरवून मऊ अंग पाहिलं. 'ठेवते आत,' म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा जरा पडला. का पडला, ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

रविवार. मांडव असा सजला होता की बास. केळीचे खांब, कणसांची तोरणं. माझा माईक, माझे भोंगे. मी रंगात. याकोबनानांच्या मळ्यातला केळीचा घड पुकारताना म्हणालो, हा घड ट्रकमध्ये ठेवला आणि ट्रकचं तोंड आकाशाकडे झालं, ड्रायव्हर अजून ढगात आहे! वांगी पुकारली, लोणचं पुकारलं. हशा, टाळ्या, बोलीवर बोली. आणि मग टेबलावर उरलं ते गंगाफळ. नाव तर पुकारावंच लागतं. मी पुकारलं – राहेलअक्का यांच्याकडून, एक गंगाफळ!

सगळ्या मंडळीला दर वर्षी फौजदाराची सवय. याकोबनाना – रिटायर्ड हेडमास्तर, आवाज माझ्याखालोखाल – मागून गरजले, "अरे दानू, फौजदार कुठाय?"

आता. इथे. इथे तोंड उघडायचं होतं. एरवी चोवीस तास उघडं असलेलं तोंड. आणि ते उघडलंही. मी गंगाफळ डोक्यावर धरलं आणि म्हणालो –

"फौजदाराची यंदा बदली झाली, नाना! अक्कांच्या पातेल्यात!"

मांडव फुटला. पोटं धरधरून हसले लोक. मीही हसलो. चांगला विनोद होता हो! आजही, मध्येच कधीतरी, मला तो चांगला वाटतो. मग मला दिसलं, की दाराजवळचे लोक हसायचे थांबलेत आणि बाजूला होतायत. मध्ये एक खुर्ची. खुर्चीत अक्का.

पाळकीणबाईंनी कुणाच्या तरी जीपमधून त्यांना पाड्यावरून आणलं होतं. गुपचूप. गुडघ्यांमुळे त्यांना कधी सणाला येता आलं नव्हतं, म्हणून. इतकी वर्षं न चुकता कोंबडा देणाऱ्या बाईला मंडळीसमोर उभं करायचं, शाल घालायची, असं ठरलं होतं. शाल कागदात बांधून टेबलाखालीच होती – माझ्या पायाशी.

सगळ्यांनी माना वळवल्या. नाना हसतच म्हणाले, "काय हो अक्का, खरं का हे?"

अक्कांनी आधी त्या गंगाफळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो माईक माझ्या हातात होता, चालू होता. मला त्यातून स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बोल, दानू. एकदा तरी खरं बोल. किती शब्द लागतात?

अक्का म्हणाल्या, "हाओ नाना. यंदा मीच खाई टाका."

पुन्हा हशा. आधीपेक्षा मोठा – पण प्रेमळ, बरं का. आमची माणसं वाईट नाहीत. कुणी तरी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, बरं केलं अक्का, म्हातारपणी अंगात ताकद यायला हवी! आणि मी काय केलं? मी म्हणालो, "तर मग गंगाफळाला पहिली बोली!"

शाल घातली त्यांना, अर्थात. कागद सोडला होता, आता काय करणार? पण सत्काराची शाल वेगळी आणि थंडीची शाल वेगळी. लोकर तीच असते. घालणाऱ्याचे हात वेगळे असतात. अक्कांनी ती दोन्ही मुठींनी धरली आणि मान खाली घातली. जेवणाच्या पंगतीपर्यंत मान वर केली नाही.

पंगतीनंतर लिंबाखाली त्या एकट्या बसल्या होत्या. मी टाळत होतो, पण त्यांनी खूण केली. मी गेलो. वाटलं, आता विचारतील, कुठे आहे रे माझा फौजदार? त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं – आणि माझं पोट, विचारा कुणालाही, तेव्हाही नगाऱ्याएवढं होतं – आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"उपाशी व्हता का रे, भाऊ?"

त्यांना वाटलं होतं, मी खाल्ला. वाटेत भूक लागली म्हणून खाल्ला. आणि भुकेल्या माणसाने खाल्लं तर ती चोरी नाही, त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, हा त्यांचा हिशोब. मला वाचवायला त्यांनी सगळ्या मंडळीसमोर स्वतःला खादाड म्हणवून घेतलं होतं.

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

हे ते. हेच. कोंबडा हरलो ते नाही, विनोद केला तेही नाही – ती मान. चेहरा मी पाडला होता, आवाज थोडा कापराही केला होता. मी कसलेला माणूस. अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिथेच, जिथे आदल्या दिवशी फौजदार बसला होता.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मोठ्या मायेने ठराव मांडला. आपली राहेलअक्का स्वतःच अडचणीत आहे, तिच्याकडून आता काही घ्यायचं नाही. उलट तिचं धान्य वाढवू या. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने. निरोप सांगायला अर्थात मीच गेलो. अक्का, यापुढे काही पाठवायचं नाही. तुम्हीच खा. त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. नवा फौजदार तुरा काढत होता. "बरं," म्हणाल्या. त्या हिवाळ्यात मी घोंगडी दिली, तर त्यांनी ती लपेटली नाही, शेजारणींना काही ऐकवलं नाही. घडी तशीच ठेवून मला बसायला अंथरली.

आणि मग सुरू झाली खरी मौज. हसू नका म्हणणार नाही, हसण्यासारखंच आहे. अक्कांना कळलं होतं ना, की दानू उपाशी असतो! तर मी पोतं घेऊन गेलो, की परत निघताना माझ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. कळण्याच्या भाकऱ्या – ज्वारी-उडदाच्या, तव्यावरून नुकत्या उतरलेल्या – त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी कांदा, कधी अंडं. दर महिन्याला. आमच्या बायका चुलीपाशी मूठ मूठ टाकणार, मडकी भरणार, ते धान्य मी खांद्यावरून पाड्यावर नेणार, अक्का ते दळणार, भाजणार, आणि मी फाट्यावर बसची वाट बघत ते खाणार. अख्ख्या मंडळीचा परोपकार सातपुड्याला वळसा घालून माझ्या पोटात! वजन वाढलं माझं. बायको म्हणायची, समाजसेवा मानवली हो तुम्हाला.

टाकून का दिल्या नाहीत भाकऱ्या? कुणाला दिल्या का नाहीत? चविष्ट होत्या. हे उत्तर आहे. याहून चांगलं नाही माझ्याजवळ.

आणि त्या फाट्यावर मी भाकरी मोडत असलो, की रस्त्यापलीकडच्या एका घरातून आरव यायचा. तो मुंडासेवाला तिथेच राहायचा. फौजदाराला त्याने कापलं नव्हतं – एवढा देखणा पक्षी कोण कापेल? कौलांवर बसून तो तुरा मिरवायचा. पोरांनी पायात घुंगरू बांधलं होतं. येशूला आपण ओळखतच नाही असं सांगणाऱ्या त्याच्या एका मोठ्या शिष्याला म्हणे कोंबडा आरवताच आपली चूक कळून रडू फुटलं; माझा कोंबडा बरीच वर्षं आरवत होता आणि मी ठेचा चांगला झालाय का बघत होतो. रस्ता ओलांडायचा होता फक्त. परत मागायचा, पाड्यावर न्यायचा, अंगणात सोडायचा. अक्का, हा घ्या. सांगून टाकायचं. दर महिन्याला मी तो रस्ता बघायचो. फार रुंद नव्हता.

मी एक वाक्य फार वर्षं तयार करून ठेवलं होतं, असा हा कबुलीचा प्रसंग आलाच तर म्हणून. ते असं, की मंडळीने अक्कांचं देणं बंद केलं, पण माझ्या खोटेपणामुळे त्यांना दर महिन्याला द्यायला कुणीतरी मिळालं. छान आहे ना? माईकवर तर फारच छान वाजेल. पण ज्या बाईला देण्यासाठी ताठ उभं राहायचं होतं, तिला मी लपूनछपून, फडक्याआडून द्यायला लावलं – आणि तेही एका पोट भरलेल्याला. ते वाक्य मी इथे टाकून देतो.

अक्का गेल्या तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पुरताना चार शब्द बोलायला लोकांनी मलाच पुढे केलं. मी फौजदारांच्या गोष्टी सांगितल्या, सगळ्या फौजदारांच्या – कुत्री उठून उभी राहायची ती, मंत्र्यासारखी छाती ती. लोक डोळे पुसत हसले. मग नाना – फार थकले होते तोवर – काठी टेकत म्हणाले, "अन् ती सांग ना दानू, पातेल्यातली." आमच्या मंडळीत ती म्हणच झाली होती. कुणाच्या घरी काही खाऊन संपलं की म्हणायचे, बदली झाली, राहेलअक्कांच्या पातेल्यात. आजही म्हणतात. ज्यांनी अक्कांना कधी पाहिलं नाही, ती पोरंसुद्धा म्हणतात.

मी ती सांगितली. कबरीची माती ओली होती, आणि मी ती सांगितली. हातवाऱ्यांसकट.

सुगीच्या सणाला लिलाव अजून मीच पुकारतो. माईक बदलला, आवाज जरा बसला. दर वर्षी कुणीतरी ती मागतंच.

तर. अक्कांनी कोंबडा खाल्ला नाही. आणि मी उपाशी नव्हतो.